अक्षरांचं दुकान : फॉन्ट आधी कागदावर बघा

(वाचकांचे प्रश्न, सोलापूरच्या दाजी पेठेत कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्या, म्हणजे डीटीपीवाल्या ताईंची उत्तरं)

लग्नसराई तोंडावर आली की माझ्याकडे येणारी पत्रं एकाच विषयाभोवती फिरायला लागतात. यंदाही तेच. व्हायरस, प्रिंटर, शाई हे सगळं मागे पडलं आणि टेबलावर राहिले फॉन्ट. तेव्हा या अंकात फक्त फॉन्टच. बाकीच्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवली आहेत.

ताई, बाळीवेशीजवळ माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर शेकडो फॉन्ट आहेत, कुठकुठल्या सीडीवरून आलेले. गिऱ्हाईक स्क्रीनसमोर बसतं, ‘हा नको, तो दाखवा’ करत तासभर घालवतं आणि शेवटी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठून जातं. सगळ्या फॉन्टचे नमुने कागदावर काढून ठेवायचे आहेत. महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल का? माझ्याकडे विंडोज १० आहे.

एक रुपयाही घालवू नका. फॉन्ट बघायचा आणि छापायचा साधा प्रोग्राम तुमच्या विंडोजमध्येच बसलेला आहे, फक्त त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सी ड्राइव्ह उघडा, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स हे फोल्डर. कुठल्याही फॉन्टवर दोनदा क्लिक करा. एखाद्या फॉन्टची जाड, तिरपी अशी भावंडं असतील तर आधी तो सगळा कुटुंबकबिला दिसेल, त्यातल्या एकावर पुन्हा दोनदा क्लिक करायचं. जी खिडकी उघडते तोच फॉन्ट व्ह्यूअर. वर फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, मग ए-बी-सी-डी आणि आकडे, आणि त्याखाली एकच ओळ १२, १८, २४, ३६, ४८, ६० आणि ७२ पॉइंटांत (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप). वर ‘प्रिंट’ असं बटण आहे. दाबलं की एका फॉन्टचं एक पान बाहेर येतं.

फॉन्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या असतील, म्हणजे अजून इन्स्टॉल केलेल्या नसतील, तर आणखी सोपं. चार-पाच फाइली एकदम निवडा, उजवं क्लिक करा, प्रिंट म्हणा. पंधरापेक्षा जास्त निवडल्यात तर विंडोज तो पर्यायच लपवतं, मग ‘माझ्याकडे प्रिंट येत नाही’ असं मला लिहू नका. आणि पहिल्यांदा खऱ्या प्रिंटरवर नको, ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून बघा. कागद वाचतो.

आता यातली खोच. व्ह्यूअरची ती ओळ ठरलेली आहे, तुम्हाला बदलता येत नाही. बहुतेक फॉन्टला ती इंग्रजी असते, कोल्हा आणि कुत्र्याची, ‘द क्विक ब्राउन फॉक्स’वाली, जिच्यात ए ते झेड सगळी अक्षरं येतात. तुमच्या गिऱ्हाइकाला कोल्ह्याशी काय देणंघेणं? त्याला मुलीचं नाव कसं दिसतं ते बघायचं असतं. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात फॉन्ट्स अशी जी नवी जागा आहे तिथे स्वतःची ओळ टाइप करून, लहानमोठी करून बघता येते, पण तिथे छापायची सोय नाही. म्हणजे एकीकडे छपाई आहे तर मराठी नाही, दुसरीकडे मराठी आहे तर छपाई नाही.

म्हणून मी काय करते ते सांगते. वर्डमध्ये (लिबरऑफिस रायटरमध्येही चालेल, तो फुकट आहे) दोन रकान्यांचा तक्ता करा. डाव्या रकान्यात फॉन्टचं नाव, ते मात्र सगळीकडे एकाच साध्या अक्षरात. उजव्या रकान्यात त्या फॉन्टमध्ये आपली चाचणीची ओळ, आधी १४ पॉइंटांत आणि खाली २८ मध्ये. एका पानावर दोन-तीन फॉन्ट आरामात बसतात. माझी ओळ ही:

श्री सिद्धेश्वर प्रसन्न. चि. सौ. कां., ॲड., डॉ., ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्ल पक्ष, ऑक्टोबर, दत्तात्रय, ज्ञानेश्वर, पत्नी, हृदय, ब्रह्म, राष्ट्र, कार्य, भाकऱ्या, तऱ्हा, बाळ, १२३४५६७८९० ₹

ओळ विचित्र वाटेल, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या फॉन्टची परीक्षा घेतो. ‘भाकऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला तो अर्धा र मराठीचा स्वतःचा, हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कित्येक फॉन्टांत तो तुटलेला येतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीत) २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन किंवा दुसऱ्याच फॉन्टचं उसनं अक्षर दिसतं, आणि आपल्याकडे ‘ॲड.’ नसलेली पत्रिका विरळाच. रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं २०१० मध्ये, त्यामुळे जुन्या फॉन्टला ते ठाऊकच नाही. ‘हृदय’ ह-च्या ऋकारासाठी आणि ‘ब्रह्म’ जोडाक्षरांसाठी. आणि ‘शुक्ल’ हा शब्द तर एका दगडात दोन पक्षी. त्यातले श आणि ल बघा. आपल्या सवयीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. मराठी वर्णमालेच्या २०२२च्या शासन निर्णयातही तेच रूप आहे. विंडोजच्या ‘मंगल’मध्ये मात्र दंडाचा, हिंदी वळणाचा ल येतो. पत्रिकेवर तो आला की घरातली आजी चष्मा पुसते आणि म्हणते, ‘हे काहीतरी वेगळंच दिसतंय की ओ.’ तिला कारण सांगता येत नाही, पण डोळा तिचा पक्का असतो.

मराठी वळणाचे ल-श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा, ‘यशोमुद्रा’ बघा. ‘नोटो सान्स देवनागरी’मध्ये दोन्ही रूपं भरलेली आहेत आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ लावली तर मराठी रूप पुढे येतं, पण प्रत्येक प्रोग्राम ते पाळतोच असं नाही. पाळतो का, ते प्रिंट सांगेल.

छापताना दोन पथ्यं. प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असेल तर काढून टाका, शंभर टक्केच ठेवा, नाहीतर १४ पॉइंट कागदावर १३ होतात आणि मग सगळा हिशोब खोटा. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, तेव्हा पट्टी लावून बघायलाही हरकत नाही. दुसरं, निदान निवडक वीस-पंचवीस फॉन्ट तरी पत्रिकेच्याच कागदावर काढा. खरखरीत कागदावर सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंग केलं की बारीक रेघ तुटते. पांढऱ्या झेरॉक्स कागदावर तीच रेघ झकास दिसलेली असते. पातळ-जाड रेघांचे नाजूक फॉन्ट नावासाठी ठेवा, पत्ता आणि ‘आपले विनीत’ची यादी जाड अंगाच्या फॉन्टमध्येच घ्या.

आणि शेकडोंची फाइल करू नका. आधी सगळे छापा, मग लाल पेन घेऊन बसा आणि काटत चला. गिऱ्हाइकापुढे तीस ठेवलेत तर ते दहा मिनिटांत निवडतं, तीनशे ठेवलेत तर घरी विचारायला जातं. ते जे तुम्ही लिहिलंय ना, त्याचं कारण स्क्रीन नाही, ढीग आहे.

जुळे सोलापुरातल्या एका शाळेत मी शिक्षक आहे. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवरचे कृतिदेव आणि श्री-देव हे फॉन्ट तुम्ही सांगता तसे दोनदा क्लिक करून पाहिले. व्ह्यूअरमध्ये ‘ए-बी-सी-डी’च्या जागी मराठी अक्षरांचा नुसता काला दिसतो, कुठे मात्रा लोंबते, कुठे अर्धं अक्षर. फॉन्ट खराब झालेत का?

नाही सर, फॉन्ट ठणठणीत आहेत. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. त्या काळी कॉम्प्युटरला देवनागरीसाठी वेगळी जागाच माहीत नव्हती, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले. कृतिदेवमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी क बसलाय, ‘जे’च्या जागी र, ‘एफ’च्या जागी पहिली वेलांटी. व्ह्यूअर बिचारा इंग्रजी कोल्ह्याचंच वाक्य लिहितो, फॉन्ट त्याचे तुकडे दाखवतो, आणि तुम्हाला काला दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, त्यामुळे तिथे क हा कायम क राहतो, फॉन्ट कुठलाही लावा.

अशा जुन्या फॉन्टसाठी व्ह्यूअरपेक्षा ‘कॅरेक्टर मॅप’ उपयोगाचा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, छोट्या खिडकीत इंग्रजीत सी-एच-ए-आर-एम-ए-पी टाइप करून एंटर मारा. फॉन्ट निवडला की त्याचा एकेक तुकडा चौकटीत दिसतो, कुठला तुकडा कुठल्या कळेवर आहे तेही कळतं. ‘ज्ञ’ सापडत नाही, ‘क्ष’ सापडत नाही म्हणून प्रश्नपत्रिका अडली असेल तर तिथून उचलून चिकटवता येतो.

एक काम मात्र करा. या फॉन्टांची नावं म्हणजे नुसते आकडे, श्री-देव आणि पुढे चार अंक. नावावरून चेहरा आठवणं कोणालाच जमत नाही. तेव्हा यांचे नमुने तर छापून ठेवायलाच हवेत, पण त्यांच्याच पद्धतीने टाइप केलेल्या ओळीत. माझी वरची युनिकोडची ओळ चिकटवून त्यावर कृतिदेव लावाल तर काहीच होणार नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

मी अक्कलकोटहून रोज कॉलेजला सोलापूरला येते, डिझाइन शिकते आहे. एका संकेतस्थळावरून पुष्कळ सुंदर फॉन्ट उतरवून घेतले. वर्डमध्ये मराठी ओळ लिहून एकेक लावून पाहिला, तर सगळ्यांत ओळ एकसारखीच दिसते! माझं काय चुकतंय?

तुझं काही चुकत नाही, कॉम्प्युटर तुला फसवतोय. तू उतरवलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, ते फक्त इंग्रजीचे आहेत. नसलेलं अक्षर मागितलं की विंडोज गुपचूप दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणून दाखवतं, बहुधा ‘निर्मला यूआय’कडून. नावाच्या पट्टीत मात्र तुझ्याच फॉन्टचं नाव झळकत राहतं. जुना कृतिदेव युनिकोड ओळीला लावला तरी हेच होतं.

ओळखायची युक्ती अशी: मराठी ओळीतच एक इंग्रजी शब्द टाक. फॉन्ट बदलल्यावर फक्त इंग्रजी शब्दाने रूप बदललं आणि मराठी जागच्या जागी राहिलं, तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. त्याहून झटपट हवं असेल तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ‘डिटेल्स’ असं दृश्य लाव, त्यात ‘डिझाइन्ड फॉर’ असा रकाना असतो. तिथे देवनागरी लिहिलेलं असेल तेवढेच बघ. मराठीसाठी मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट हवे असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ घे, शिकण्याच्या वयात त्यांची वळणं बघण्यासारखी आहेत. त्यांची पानं छापून भिंतीवर लाव. स्क्रीनवर गोड दिसणारं वळण कागदावर कुठे गचाळ होतं, ते शिक्षकापेक्षा भिंत लवकर शिकवते.

आमच्या मंडळाने गड्ड्याच्या यात्रेसाठी आणि १२ जानेवारीच्या हुतात्मा दिनासाठी फ्लेक्सचं डिझाइन घरीच केलं. फ्लेक्सवाल्याकडे फाइल दिली तर तिकडे अक्षरंच बदलली, काही ठिकाणी तर इंग्रजी चिन्हं आली. तो म्हणतो, ‘तुमचा फॉन्ट माझ्याकडे नाही.’ प्रत्येक वेळी फॉन्टची फाइलही द्यायची का?

द्यायची गरज नाही, आणि विकतचा फॉन्ट असा वाटणं परवान्यात बसतही नाही. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्राममध्ये काम केलं असेल तर सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा. अक्षरांच्या आकृत्या होतात, मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. पण त्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा, कारण आकृती झाल्यावर काना-मात्रा दुरुस्त करता येत नाही. दुसरा मार्ग पीडीएफचा, त्यात फॉन्ट आतच बांधून जातो. बांधायला परवानगी आहे का, हे फॉन्ट्स फोल्डरच्या डिटेल्समध्ये ‘एम्बेडेबिलिटी’च्या रकान्यात दिसतं.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते. हुतात्म्यांच्या फ्लेक्सवर नावं असतात: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१च्या १२ जानेवारीला फाशी गेलेली ही चार माणसं, आणि त्यांची नावं चौकात दहा फुटांवर लागणार. त्यात ल्ल आहे, प्प आहे, ट्ट आहे, न्न आहे, र्ब आहे. जाहिरातीसाठी केलेल्या भपकेबाज फॉन्टांमध्ये नेमका ‘ट्ट’ एकाखाली एक न बसता पाय मोडून, शेजारी शेजारी येतो. म्हणून फ्लेक्सचा फॉन्ट ठरवायच्या आधी नुसती ही चार नावं चार-पाच फॉन्टांत ए-फोर कागदावर मोठी छापा आणि मंडळातल्या वयस्कर माणसाला रस्त्याच्या पलीकडे उभं करून वाचायला लावा. जो फॉन्ट अडखळत वाचला जातो तो बाद. आकृती करण्याआधी शुद्धलेखनही त्याच कागदावर तपासून घ्या. गेल्या वर्षी शहरात लागलेले काही फ्लेक्स बघून माझं डोकं दुखलं होतं, नावं घेत नाही.

आम्ही पूर्व भागातले, लग्नपत्रिका मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत लागते. नवा लॅपटॉप घेतला तर त्यात गौतमी फॉन्ट नाही, मंगलही नाही! आधीच्या कॉम्प्युटरवर होते. विक्रेत्याने काढून टाकले का?

विक्रेत्याला शिव्या देऊ नका अण्णा. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनेच हे फॉन्ट ऐच्छिक करून टाकले. सेटिंग्जमध्ये ॲप्स (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत सिस्टिम), त्यात ऑप्शनल फीचर्स, तिथे नवीन जोडण्याच्या यादीत ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधा. मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह सगळे त्यात आहेत. तेलुगूच्या गठ्ठ्यात गौतमी आणि वाणी, कन्नडच्या गठ्ठ्यात तुंगा. फुकट आहेत, फक्त इंटरनेट लागतं. तोपर्यंत ‘निर्मला यूआय’ तिन्ही लिप्या दाखवेल.

आमच्या घरातही आई तेलुगूत बोलते आणि मी मराठीत उत्तर देते, त्यामुळे या पत्रिकांचं दुखणं मला जवळचं. तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. मराठीच्या सवयीने ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीचं शेपूट खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतं. फॉन्ट व्ह्यूअरमध्ये हे कळत नाही, कारण तिथे ओळ एकेकटी असते. तेव्हा वधूवरांची आणि आईवडिलांची नावं अशा निदान तीन ओळी एकाखाली एक टाइप करा, तीन वेगवेगळ्या ओळ-अंतरांनी छापा आणि घरातल्या तेलुगू वाचणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात द्या. पत्रिका लावणाऱ्याला लिपी येत नसेल तर त्याच्या डोळ्यावर विसंबू नका. कन्नड आणि तेलुगू अक्षरं दिसायला इतकी जवळची की न वाचता येणाऱ्याला अदलाबदल झालेली समजतही नाही. आणि कागदावर ‘ठीक’ म्हणून सही घ्या. सही नसेल तर छापू नका, मग समोर सख्खा मामा का असेना.

नव्याने टाकलेला फॉन्ट व्ह्यूअरमध्ये दिसतो, वर्डमध्येही दिसतो, पण पानं जुळवायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्राममध्ये येत नाही.

इन्स्टॉल करताना उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. नुसतं इन्स्टॉल म्हटलं की आता फॉन्ट फक्त तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये जातो आणि काही जुने प्रोग्राम तिथे डोकावतच नाहीत. आधीचा काढा, पुन्हा टाका, पेजमेकर बंद करून उघडा.

जुन्या सीडीवर पीएफबी आणि पीएफएम अशा शेपटाच्या फाइली आहेत. फोटोशॉप त्या घेत नाही.

त्या टाइप वन या जुन्या पद्धतीच्या फॉन्टच्या. ॲडोबीने फोटोशॉपमधून २०२१ मध्येच आणि आपल्या बाकीच्या प्रोग्रामांतून जानेवारी २०२३ पासून त्यांचा आधार काढला. चेहरा आवडला असेल तर नमुना छापून ठेवा आणि तशाच वळणाचा ओपनटाइप किंवा ट्रूटाइप फॉन्ट शोधा.

ताई, तुम्ही सारखं ‘छापा, छापा’ म्हणता. कागदाची केवढी नासाडी! हल्ली गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की काम होतं. — एक तरुण व्यावसायिक, नवी पेठ

होतं की, तुमचंही होईल. फोटो मोबाइलवर बघणारा माणूस बोटांनी मोठा करून बघतो. सहा पॉइंटाचा पत्ता त्याला हाताएवढा दिसतो आणि तो ‘ओके’ पाठवतो. पत्रिका हातात आल्यावर तोच माणूस तुम्हाला विचारतो, ‘हे काय मुंग्या छापल्यात का?’ तेव्हा फोटो पाठवा, पण पसंती कागदावर घ्या. एक पान वाचवून पाचशे पत्रिका रद्दीत घालण्यात कसली आलीय बचत? नमुन्यांची फाइल एकदाच काढायची असते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली की वर्षानुवर्षं चालते.

माझ्याकडे मॅक आहे. तुम्ही नेहमी विंडोजचंच सांगता.

सोलापुरात विंडोजच जास्त म्हणून सांगते. पण छपाईच्या बाबतीत तुमची सोय आमच्यापेक्षा चांगली आहे. ‘फॉन्ट बुक’ उघडा, फॉन्ट निवडा, फाइलमधून प्रिंट म्हणा. तिथे तीन प्रकार मिळतात: कॅटलॉग म्हणजे एकेका फॉन्टची नमुन्याची ओळ, रेपर्टॉयर म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षरं चौकटींत, आणि वॉटरफॉल म्हणजे एकच ओळ लहानापासून मोठ्यापर्यंत. नवा फॉन्ट विकत घेतला की दुसरा प्रकार एकदा छापून बघा, आपली सगळी जोडाक्षरं आहेत का ते लगेच समजतं.

आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. लग्नात वाटायला नाव विणलेल्या टॉवेलच्या ऑर्डरी येतात. स्क्रीनवर ठरवलेला फॉन्ट टॉवेलवर ओळखू येत नाही, बारीक रेघा गायबच होतात. कुठला फॉन्ट वापरावा?

हे पत्र वाचून बरं वाटलं, कारण अक्षराची खरी कसोटी कागदावर नाही, तुमच्या मागावर लागते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, अक्षर शाईने उमटत नाही, धाग्यांनी उभं राहतं. म्हणजे प्रत्येक अक्षर चौकटींच्या कागदावर भरल्यासारखं: चौकट भरलेली किंवा रिकामी, मधलं काही नाही. त्यात टॉवेलला वर फासे असतात, ते आडवेतिडवे झुकतात आणि एका धाग्याची रेघ गिळून टाकतात. म्हणून पातळ-जाड रेघांचा कुठलाही फॉन्ट तुमच्याकडे मार खाणार. सगळीकडे सारखी जाडी असलेला, अक्षरांच्या पोटातली पोकळी मोठी असलेला फॉन्ट घ्या. ‘बलू’ जाड आहे, गुबगुबीत आहे, पण त्याची पोकळी लहान आकारात भरून येईल. ‘मुक्ता’चं ठळक रूप किंवा नोटोचं ठळक रूप आधी बघा.

आता नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नका, छापून बघा. टॉवेलवर नाव जेवढ्या रुंदीचं येणार, बरोबर तेवढ्याच रुंदीचं शंभर टक्क्यांवर कागदावर काढा. तुमच्या डिझाइनवाल्याला विचारा, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. त्या मापाच्या चौकटी पारदर्शक कागदावर छापून अक्षरावर ठेवा. उभे-आडवे धागे सारखे नसतील तर चौकटीही चौरस नसणार, लांबट असणार, हे विसरू नका. अक्षर विणल्यावर चपटं किंवा ताणलेलं दिसतं ते यामुळेच. मग बघत जा: शिरोरेघ निदान तीन चौकटी जाड आहे का, ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ आणि कडेचा दंड यांच्यात दोन चौकटींची जागा उरते का, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटतो का. कधी कधी ठिपकाच हाताने मोठा करून वर सरकवावा लागतो. वेलांटीची कमान शिरोरेघेपासून दूर उचललेला फॉन्ट यासाठी चांगला.

जोडाक्षरं जिथे दाटीवाटीने एकाखाली एक येतात, उदाहरणार्थ ‘सिद्धेश्वर’मधला द्ध, तिथे अर्धं अक्षर शेजारी ठेवणारं रूप मिळालं तर टॉवेलपुरतं ते घ्या, पत्रिकेवर नको. आणि गिऱ्हाइकाने लांबलचक दोन नावं ‘वेड्स’ घालून एकाच ओळीत मागितली तर स्पष्ट सांगा: नावं एकाखाली एक येतील, अक्षर बारीक होणार नाही.